गोधडीवर नाव कुणाचं?

मागच्या अंकात गोधडी आणि टेक्स्टाइल आर्टवर जाता जाता दोनच परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा सवाल-जवाब त्यालाच द्यावा लागतोय. एक विनंती आधीच करते, "मायेची ऊब" हे दोन शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात आहेत, ते या सदरापुरते आपण कपाटात ठेवून देऊ. गोधडी उबदार असते हे कळलंय सगळ्यांना. ती कुणी शिवली, कशातून शिवली आणि तिचं नाव कुठे गेलं, यावर बोलू.

ताई, माझ्या सासूबाईंनी शिवलेली एक वाकळ आमच्याकडे आहे, त्यांच्याच जुन्या लुगड्यांची. मुलगी आर्ट कॉलेजला आहे, ती म्हणते आई हे टेक्स्टाइल आर्ट आहे, आपण भिंतीवर लावू. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या. खरंच ही कला आहे का, की आजकाल सगळ्यालाच कला म्हणायची फॅशन आलीये? (एक वाचक, संगमनेर)

काकू, सासूबाई हसल्या असत्या यात मला काही शंका नाही, माझी आजीही हसली असती आणि वर म्हणाली असती की भिंतीला काय थंडी वाजतेय का. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तुम्हाला जरा लांब न्यावं लागेल, अमेरिकेत अलाबामा राज्यात, कारण हे भांडण तिथे आधीच होऊन गेलंय.

अलाबामा नदी एका ठिकाणी असा वळसा घेते की मधली जमीन तीन बाजूंनी पाण्यात सापडते. त्या वळशातलं गाव म्हणजे जीज बेंड. कापसाचे मळे, त्यावर राबणारे गुलाम, आणि गुलामी कायद्याने संपली तरी तीच माणसं तिथेच बटईने कापूस पिकवत राहिली. गावात आजही कितीतरी जणांचं आडनाव पेटवे आहे, आणि हे आडनाव त्यांच्या पूर्वजांचं नाही, मळ्याच्या गोऱ्या मालकाचं आहे. म्हणजे ओळखीचा प्रश्न तिथे आडनावापासूनच सुरू होतो. लाकडी घरं, फळ्यांच्या फटीतून वारा आत, भिंतींना जुने पेपर चिकटवलेले, आणि अंगावर घ्यायला बायकांनी शिवलेल्या गोधड्या. कशाच्या, तर शेतात घालून घालून विरलेल्या डेनिमच्या पँटी, पिठाच्या आणि खताच्या गोण्या, फाटके शर्ट. आपल्याकडे ज्याला जुनेर म्हणतात तेच.

१९६२ मध्ये नदीपलीकडे जायची फेरीबोट बंद झाली. काळे लोक पलीकडच्या गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला जायला लागले होते, तेच दिवस हे. मग काय, नदी समोर दिसतेय आणि पलीकडे जायला रस्त्याने तासभर फेरा. ती बोट परत सुरू झाली २००६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात, १९६६ ला, त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकायला लागल्या. १९७२ च्या सुमारास सिअर्स कंपनीची कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांची मोठी ऑर्डर मिळाली, अभ्रे कंपनीला गेले, आणि कातरून उरलेल्या पट्ट्या बायकांनी घरी नेल्या. त्या उरलेल्या कॉर्डरॉयच्या गोधड्या आज म्युझियममध्ये आहेत, अभ्र्यांचं काय झालं कुणी विचारत नाही!

२००२ मध्ये ह्युस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये या गोधड्या भिंतीवर उभ्या लागल्या आणि बघणारे गारच पडले, कारण मोठमोठे आधुनिक चित्रकार कॅनव्हासवर जे रंगांचे चौकोन आणि तिरके पट्टे करत होते ते इथे एखाद्या आजीने खाटेवर टाकण्यासाठी करून ठेवलं होतं, तेही त्या चित्रकारांचं नाव न ऐकता. २००६ ला पोस्टाची तिकिटं निघाली त्यांच्यावर.

आता तुमची वाकळ. प्रत्येक गोधडी ही कला आहे असं मी म्हणणार नाही, मला ते खोटं वाटतं, काही गोधड्या नुसत्या गोधड्या असतात जशी रोजची पोळी पोटासाठी असते आणि त्यात काही कमीपणा नाही. मी एवढंच बघते की जिथे गरज नव्हती तिथे तिने निवड केलीये का. म्हणजे हिरव्या इरकलीचा तुकडा संपला म्हणून लाल लावला ही झाली गरज, पण लाल काठ मुद्दाम मधोमध न घेता चार बोटं बाजूला सरकवला आणि मग समोरच्या कोपऱ्यात त्याला उत्तर म्हणून तेवढाच लाल ठेवला, तर ती बाई तिथे बसून विचार करत होती. जीज बेंडच्या बायका याला "माय वे" म्हणतात, माझ्या पद्धतीने. ठरलेला नमुना येत नाही म्हणून नाही, येतो पण मोडायचाय म्हणून. तुमच्या सासूबाईंची वाकळ दिवसा उजेडात जमिनीवर पसरा, स्टुलावर उभं राहून वरून बघा, तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि भिंतीवर लावा की नका लावू, एक मात्र आजच करा. मऊ सुती कापडाच्या पट्टीवर सासूबाईंचं पूर्ण नाव, माहेरचंही, गाव, आणि अंदाजे साल लिहा आणि ती पट्टी मागच्या कोपऱ्यात कच्च्या टाक्याने लावून टाका. जीज बेंडच्या गोधड्या नावानिशी लागतात, लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ, ॲनी मे यंग. आपल्याकडे हल्ली दुकानात महागड्या गोधड्या मिळतात, त्यावर ब्रँडचं लेबल असतं, हॅन्डमेड लिहिलेलं असतं, पण हँड कुणाचा ते कुठे नसतं.

(नाव लागलं म्हणजे सगळं सुरळीत झालं असंही नाही बरं का. २००७ मध्ये जीज बेंडच्याच काही बायका कोर्टात गेल्या, त्यांचं म्हणणं की आमच्या गोधड्या आणि आमचे नमुने वापरून पैसे झाले त्यात आमचा वाटा आम्हाला नीट मिळाला नाही. पुढे तडजोड झाली. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फारच गोड होते.)

हल्याळला एका प्रदर्शनात सिद्दी बायकांनी शिवलेल्या गोधड्या पाहिल्या. आमच्या घरच्या वाकळीसारख्याच वाटल्या पण तरी काहीतरी वेगळं होतं, ते काय ते सांगता येईना. त्या बायका बोलत होत्या ते आम्हाला बरंचसं समजत होतं याचंच जास्त नवल वाटलं. (दोघी मैत्रिणी, खानापूर)

तुमच्या पत्रासाठी खरं तर अख्खं सदर द्यायला हवं होतं. समजलं कारण उत्तर कन्नडमधले सिद्दी जी बोली बोलतात ती कोकणीच आहे, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. आणि ती कोकणी त्यांच्या तोंडी कुठून आली याचं उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली, त्यातले कितीतरी पळाले आणि घाटावरच्या जंगलात शिरले, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या पट्ट्यात. आपल्याला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, किल्ला, नवाब, तोफा. हे दुसरे सिद्दी, ज्यांच्याकडे ना किल्ला ना शेती, दुसऱ्याच्या मळ्यात मजुरी. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं. कुणी ख्रिश्चन, कुणी मुसलमान, कुणी हिंदू, पण गोधडी तिन्ही घरांत शिवली जाते आणि तिचं नाव कवंद.

फरक तुम्हाला सांगता येत नव्हता तो शिवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय करतात, खाली एक लुगडं पसरायचं, त्यावर जुनेरांचे थर, वर दुसरं चांगलं लुगडं, कडेने कच्चे टाके घालून सगळं पक्कं करायचं आणि मग धावदोरा घालत बसायचं, कडेकडेने फिरत आत. म्हणजे वरचं चित्र आधीच ठरलेलं असतं. कवंदमध्ये खाली एक साडी पसरतात आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, एकेक ठिगळ कड दुमडून ठेवायचं आणि तिथल्या तिथे टाके घालून बसवायचं, मग पुढचं ठिगळ, असं कडेने गोल गोल फिरत मध्याकडे. पुढे कुठला तुकडा येणार हे सुरुवातीला ठरलेलं नसतं, हाताशी काय आहे आणि शेजारच्या तुकड्याला काय शोभतंय त्यावर ठरतं. त्यामुळे ती गोधडी आतल्या आत फिरत जाते, तुमच्या डोळ्याला जे वेगळं वाटलं ते हेच असणार. टाकेही बघा, सगळीकडून सारख्या अंतराने वाहत गेलेले, मागून बघितलं तर ठिगळं दिसतच नाहीत, नुसती टाक्यांची नक्षी. मला मागची बाजू जास्त आवडते खरं सांगू का.

आणि कोपरे! चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले छोटे त्रिकोण असतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंद पुरी होत नाही, फुलं नसतील तर ती नागडी असं त्या बायका म्हणतात. या त्रिकोणांनी गोधडी जास्त गरम होत नाही, जास्त टिकत नाही, त्यांचा उपयोग शून्य. वर संगमनेरच्या काकूंना मी जे म्हटलं ना, गरज नसताना केलेली निवड, ते या फुलांइतकं स्पष्ट मला कुठेच दिसलेलं नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात काम करून आलेली बाई रात्री चार कोपऱ्यांना चार फुलं लावते कारण त्याशिवाय हिला लाज वाटेल, हिला म्हणजे गोधडीला. ख्रिश्चन घरातल्या कवंदवर कधी क्रॉस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंदवर चंद्रकोर.

२००४ मध्ये आफ्रिकन कलेचे अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रूअल आणि त्यांच्यासोबत सारा खान यांच्या पुढाकाराने या बायकांची गोधड्यांची सहकारी संस्था सुरू झाली, मग कवंद बाहेर प्रदर्शनात जायला लागल्या. आता एक मोह होतो, मलाही झाला होता, की या रंगसंगतीत आणि त्या तुकड्यांच्या लयीत आफ्रिका दिसतेय असं म्हणून टाकायचं. जीज बेंडच्या गोधड्या आणि कवंद शेजारी ठेवल्या तर साम्य अंगावर येतं हे खरंय, अभ्यासकही त्यावर लिहितात. पण एकाच पट्ट्यात वाकळ पण आहे आणि कवंद पण आहे, शेकडो वर्षं शेजार आहे, कुणी कुणाकडून काय उचललं याचा हिशेब कोण मांडणार? त्यांची भाषा जशी आपली पण आहे आणि फक्त त्यांची पण आहे, तशीच त्यांची गोधडी, माझ्यापुरतं मी हे इथे सोडते.

पुढच्या वेळी गेलात तर विकत घ्या, घासाघीस करू नका, आणि शिवणारीला तिचं नाव विचारून मागे लिहून घ्या.

जुनी गोधडी धुवायची कशी? ड्रायक्लीनला देऊ का? (कोल्हापूर)

नका देऊ. मी स्वतः एकदा आळस केला, लाँड्रीत दिली, मशीनमध्ये फिरवून आणली त्यांनी आणि आतले विरलेले थर गोळा होऊन एका कोपऱ्यात जमले, उशीच झाली तिची. पूर्वी घटस्थापनेच्या आधी गावच्या गावं गोधड्या नदीवर न्यायची, आपटून धुवायची, ते तेव्हाच्या दणकट गोधड्यांना ठीक होतं. पन्नास वर्षं जुनी असेल आणि ठेवायचीच असेल तर शक्यतो धुऊच नका, सावलीत पसरून वारं द्या, व्हॅक्युमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून हलकी धूळ काढा. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात दाबून बघा. घडी घालून ठेवू नका, घडीवर विरते, जुन्या धुवट सुती साडीत गुंडाळी करून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. भिंतीवर लावायची असेल तर चिमटे आणि खिळे नकोत, मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यात काठी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. आणि उन्हासमोर नको.

भरतकाम विणकाम हे बायकांचं वेळ घालवायचं साधन होतं आणि आहे. त्यात उगाच ओळख, संघर्ष, राजकारण घुसवायचं हे शहरी बायकांचं खूळ आहे. स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमस्व. (एक सेवानिवृत्त वाचक, जळगाव)

क्षमा कशाला काका, स्पष्ट पत्रं आली की मलाही स्पष्ट लिहिता येतं. वेळ घालवायचं साधन म्हणताय, तर ज्यांच्याकडे घालवायला वेळच वेळ होता पण हातात दुसरं काही नव्हतं अशा बायकांची गोष्ट ऐका.

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतरच्या वर्षांत तीन हजारांवर माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, नाहीशी म्हणजे घरातून उचलून नेली आणि सरकार म्हणतं आमच्याकडे नाहीत. त्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोमध्ये तुरुंगांच्या, दवाखान्यांच्या, शवागारांच्या रांगेत रोज भेटायच्या. कमावता माणूस गेलेला, घरात खायला नाही. चर्चच्या आसऱ्याने, १९७६ पासून विकारिया दे ला सोलिदारिदाद या संस्थेत, या बायका एकत्र बसून शिवायला लागल्या. खाली तरट, म्हणजे गोणपाटच, त्यावर रंगीत चिंध्यांची ठिगळं आणि छोट्या कापडी बाहुल्या. स्पॅनिशमध्ये गोणपाटाला अरपियेरा म्हणतात, तेच या कापडांचं नाव पडलं. लांबून बघितलं तर लहान मुलांच्या खोलीत लावावं इतकं गोजिरवाणं, वर सूर्य, मागे अँडीज पर्वत, खाली घरं. जवळ जाऊन बघा मग दिसतं की घरासमोर पोलिसांची गाडी आहे, सामायिक चुलीवर मोठं पातेलं चढलंय कारण कुणाच्याच घरी काही नाही, आणि चार बाहुल्या एक फलक धरून उभ्या आहेत, त्यावर टाक्यांनी लिहिलंय, कुठे आहेत ते? काही कापडांत तर नाहीशा झालेल्या माणसाच्याच शर्टाचे तुकडे वापरलेत.

ही कापडं गुपचूप देशाबाहेर गेली, तिकडे विकली गेली, त्या पैशावर घरं चालली. आणि वर्तमानपत्रांवर पहारा होता तेव्हा बाहेरच्या जगाला आत काय चाललंय हे या चिंध्यांनी सांगितलं. तुमचंच म्हणणं तिथे उपयोगी पडलं बघा काका, बायकांचं शिवणटिपण आहे, वेळ घालवतायत, कोण कशाला बारकाईने बघेल! पुढे सरकारची नजर गेली आणि मग धोकाही आला, पण सुरुवातीला ते काम तग धरून राहिलं ते कुणी त्याला किंमत देत नव्हतं म्हणून. सत्ता बदलली १९९० ला, बायका शिवतच होत्या.

फार लांबचं वाटत असेल तर बिहारमध्ये या. मुजफ्फरपूर जिल्ह्यात भुसुरा गाव आहे, तिथे सुजनी म्हणून प्रकार आहे, जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि बारीक धावदोरा, नव्या जन्मलेल्या बाळाला गुंडाळायला शिवायचे. १९८० च्या दशकाच्या शेवटी हे काम परत उभं राहिलं तेव्हा त्या बायकांनी त्यावर काय काढलं? हुंडा. दारू पिऊन आलेला नवरा. पोटातच मारलेली मुलगी. कुठल्या शहरी बाईने त्यांना ते आयुष्य दिलं नव्हतं, त्यांच्याकडे होतंच, फक्त आधी कापडावर मोर आणि मासे काढायचे असा रिवाज होता. घुंघटाच्या आतून बोलता येत नव्हतं ते सुईने बोलल्या असं म्हणायचा मोह होतोय पण नको, कारण त्या तोंडाने पण भरपूर बोलतात, विकत घ्यायला गेलेल्या माणसाला विचारा.

मी नागपूरला फाइन आर्टला आहे. भारतीय बायकांचं फायबर आणि टेक्स्टाइलमधलं काम बघायचं तर सुरुवात कुणापासून करू? सर म्हणतात पेंटिंग कर, हे क्राफ्ट आहे. (विद्यार्थिनी)

तीन नावं देते, बाकी तुझी तू शोध.

मृणालिनी मुखर्जी, जन्म मुंबईचा, १९४९ चा. बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या. हेम्पचे, म्हणजे एका झाडाच्या तंतूंचे, जाड दोर घेऊन नुसत्या गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच आकृत्या केल्या, माग नाही, सुई नाही, आधी काढून ठेवलेलं चित्र नाही. "यक्षी" बघ, १९८४ ची. देवी आहे का झाड आहे का बाईचं शरीर आहे, काही सांगता येत नाही, थोडी भीतीच वाटते. तुझे सर म्हणतात तेच त्यांनाही आयुष्यभर ऐकावं लागलं, क्राफ्ट आहे म्हणून. २०१५ ला दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) त्यांचं आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याभरात त्या गेल्या. २०१९ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने त्यांचं प्रदर्शन केलं.

मोनिका कोरिया, मुंबईच्याच, जन्म १९३८. मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या, हे मला फार आवडतं. १९६२ ला नवऱ्याबरोबर, म्हणजे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, अमेरिकेत गेल्या तेव्हा मारियान स्ट्रेंगेल या विणकर बाईंकडे मागाची ओळख झाली, नंतर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात शिकल्या. त्यांची गंमत काय, मागावरची फणी, जी उभे धागे सरळ धरून ठेवते, ती त्या विणता विणता मध्येच काढून टाकतात. धागे मोकळे सुटतात, वाहायला लागतात, नदीसारखे. कुठल्याही विणकराला विचार, फणी काढली म्हटल्यावर तो कपाळाला हात लावेल.

तिसऱ्या प्रिया रवीश मेहरा, १९६१ ते २०१८. यांनी रफू हाच विषय घेतला. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर, ज्यांचं कसब असं की काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलं आणि रफू लपवायचा नाही, दिसू द्यायचा असं उलट केलं. स्वतःला कॅन्सर झाला होता, त्या काळातही हे काम चालू होतं, आणि फाटलेलं दुरुस्त करणं याचा अर्थ त्यांच्यासाठी काय असेल ते मी सांगायला नको. रफूगर मात्र बहुतेक पुरुष असतात, हेही लक्षात ठेव, सुई म्हणजे बाई असं समीकरण फार सोपं आहे.

सरांचं म्हणशील तर पेंटिंगही कर. हात दोन आहेत.

ताई, आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या साड्या मी बंगळुरूला घेऊन आले, बॅग अजून उघडली नाही. गोधडी शिवावी असं वाटतं पण कात्री लावायचा धीर होत नाही. आणि मला शिवता पण येत नाही फारसं. (तीस वर्षांची मुलगी, मूळ गाव वाई)

बाळा, परत जीज बेंडलाच जाऊ. मिझूरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला, त्यानंतर १९४२ मध्ये तिने त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले आणि एक गोधडी केली. मुलगी अर्लोन्झिया तेव्हा विशीच्या आतच होती, तिनेच पुढे ही गोष्ट सांगितली, की आई म्हणाली होती यांच्या कपड्यांची गोधडी करते, आठवण म्हणून, आणि पांघरून झोपायला. पँटीचे पाय उभे चिरलेले, निळा रंग वापरून वापरून उडालेला, ठिकठिकाणी डाग, आणि शिवणी उसवल्यावर आतली न उडालेली गडद निळी रेघ. शोभा करायचा प्रयत्न कुठेच नाही. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि तिच्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला पाटी वाचायच्या आधी कळतं की हे कपडे कुणीतरी घातलेले होते.

शिवता येत नाही हे कारण मी धरत नाही, धावदोरा म्हणजे सुई खाली, सुई वर, एवढंच असतं, वाकडा आला तर वाकडा. साड्यांवर काही लिहायचं असेल तर तेही चालतं, फेथ रिंगगोल्ड नावाची अमेरिकन चित्रकार होती, २०२४ ला गेली. तिने पहिली गोधडी १९८० मध्ये स्वतःच्या आईबरोबर बसून केली, आई शिवणकाम करणारी होती, आणि पुढच्या वर्षी आई गेली. मग १९८३ पासून ती गोधड्यांवर चक्क गोष्टी लिहायला लागली, कारण तिचं आत्मचरित्र छापायला कुणी तयार नव्हतं. आईच्या साडीवर आईचं एखादं नेहमीचं वाक्य टाक्यांनी लिही, ओरडण्यातलं असेल तरी चालेल, तेच खरं असतं.

आता कात्री. साड्यांना लावूच नको एवढ्यात. बॅगेत परकर असतील, दोन-तीन तरी असतीलच, त्यातला सगळ्यात विरलेला घे. परकर कापताना तेवढं लागत नाही मनाला. त्याचे हातभर लांबीचे दोन तुकडे कर, मध्ये एखादं जुनं फडकं घाल आणि उशीवर टाकण्याएवढं छोटं काहीतरी शिव, जाड सुई घे, दोरा दुहेरी. नाडीची पट्टी फेकू नको, ती कडेला लावता येते. ते झालं की मग ठरव साड्यांचं, आणि नाही ठरवलं तरी बॅग उघडलेली असेल.

तेवढ्याच तुकड्याच्या मागे दोन नावं घाल, आईचं आणि तुझं. झालं की फोटो पाठव, मागच्या बाजूचा पाठव.